दादासाहेब हत्ती हसले त्याची गोष्ट

एका जंगलात एका बोक्याने नको ती पैज घेतली. बोक्याचं नाव झिप्रू. पैज लावणाऱ्या मुंगसाचं नाव बाबल्या. बाळांनो, नाकं पुसा आणि नीट ऐका. मी परत परत सांगणार नाही.

झालं असं, पाणवठ्यावर सगळे पाणी प्यायला जमले होते आणि झिप्रू नेहमीसारखा फेकत होता.

"आपल्याकडे लागतात ते सगळे सिनेमे भंगार. मी काढला ना, तर मारामारी बघून घाम फुटेल आणि हसून हसून पोट दुखेल."

"काढ की मग," बाबल्या म्हणाला. "तोंडाने काय, बेडूकपण काढतो."

"काढणारच आहे."

"कशावर? तुझ्याकडे आहे काय? मिशा?"

हरणं फिस्सकन हसली. बोक्याला कुणी काहीही बोला, चालतं. पण हरणांसमोर बोललं की त्याच्या डोक्याचा फ्यूज उडतो.

"मिशाच लावतो!" झिप्रू किंचाळला. "माझ्या सिनेमाला दादासाहेब हसले नाहीत, तर मिशा कापून तुझ्या हातात देतो!"

"आणि हसले तर माझी शेपूट भादरा," बाबल्या म्हणाला. त्याला काय जातंय म्हणायला? दादासाहेब जन्मात कधी हसले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, मिशाच ना? परत येतील. बाळांनो, बोक्याच्या मिशा म्हणजे तुमच्या दादाच्या ओठावरचं काळं फडकं नव्हे. बोका अंधारात बिळात घुसतो तेव्हा आत अंग मावेल का, ते मिशांनीच मोजतो. मिशा गेल्या की बोका बिळात अडकणार आणि उंदीर मागच्या दाराने निघून बाहेरून त्याला टाटा करणार. म्हणजे झिप्रूने मिशा नव्हे, जेवण पैजेला लावलं होतं.

तर दादासाहेब म्हणजे हत्ती. जंगलातली मोठी असामी. एका डोंगराच्या पोटात गुहा होती, तिला सगळे गुहा टॉकीज म्हणायचे. तिथे अगदी पुढे एक सपाट शिळा होती. ती दादासाहेबांची. बाकी सगळे मागे.

पुढे हत्ती बसल्यावर मागच्यांना पडदा दिसतो का? नाही दिसत. पण त्याची कुणाला अडचण नव्हती. पडदा बघायला येतंय कोण? सगळे दादासाहेबांचे कान बघायला यायचे. कान हलले की हसायचं. सोंड वर गेली की शिट्ट्या मारायच्या. काहीच हललं नाही की जांभई द्यायची आणि बाहेर पडताना म्हणायचं, "टाइमपास पण नाही रे." अशी तिथली पद्धत. एकदा एक कोल्हा दादासाहेबांच्या आधी हसला होता. दादासाहेबांनी नुसतं मागे वळून विचारलं, "कोण हसलं?" तो कोल्हा आता शेजारच्या जंगलात राहतो.

झिप्रू लागला कामाला. जंगलात कॅमेरा कुठून आला असलं विचारू नका. मुंगूस बोलतो ते चालतं ना तुम्हाला? मग कॅमेरापण चालवून घ्या.

हिरो म्हणून मोर मिळाला. मोर दिसायला भारी, पण ठोसा मारला की पिसारा फुलवून कोण बघतंय का ते बघायचा. तोपर्यंत व्हिलन ताटकळत उभा. व्हिलन होतं अस्वल. व्हिलनचे गुंडपण तेच अस्वल. मार खाऊन पडायचं, रांगत फ्रेमच्या बाहेर जायचं, झाडाला वळसा घालून नवीन गुंड म्हणून परत यायचं. तलवारी केळीच्या देठाच्या. रक्त करवंदांचं. तेसुद्धा अर्धं अस्वलाने चाटलं.

पाठलागाला घोडे पाहिजे होते. घोडे कुठून आणणार? दोन कासवं मिळाली. पुढच्या कासवावर व्हिलन, मागच्या कासवावर हिरो. पाठलाग इंटरव्हलच्या आधी सुरू झाला आणि इंटरव्हलनंतरही चालूच होता. मध्ये मागचं कासव थांबून पालापण खातं. मोर वरून ओरडतोय, "आज तुला सोडणार नाही!" आणि कासव चघळतंय.

हा सीन झिप्रूचा जीव होता. सगळ्यांना त्या कासवांवर हसवायचं, हे त्याचं स्वप्न.

आणि एक रडायचा सीन होता. हिरोची आई मरते तो. आईचं काम एका म्हाताऱ्या वानरिणीने केलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, जबरदस्त केलं होतं. शूटिंगला अस्वल रडलं. व्हिलन असून.

खेळाचा दिवस उजाडला. बाबल्याला सकाळपासून चैन नव्हतं. समजा, चुकून हसलाच हत्ती तर? शेपूट भादरलेला मुंगूस म्हणजे मोठा उंदीरच. साप पण हसणार.

म्हणून त्याने काय केलं? खाजकुयलीच्या वेलापाशी गेला. ती शेंग माहितीये ना, जिची लव अंगाला लागली की माणूस भिंतीला चिकटून नाचतो? बाळांनो, माहीत नसेल तर बरंच आहे. वर्गातल्या खुर्चीवर टाकू नका. मी कुठे काय म्हणतोय. तर बाबल्याने सागाच्या पानात धरून शेंगा खुडल्या आणि सगळी लव दादासाहेबांच्या शिळेवर पसरली. त्याचा हिशोब सरळ होता. हत्ती बसणार, खाजवणार, भडकणार, सिनेमा अर्धा सोडून जाणार. मिशा खिशात.

दुपारी खेळ सुरू झाला. दादासाहेब येऊन बसले. मागे सगळं जंगल. झिप्रू मागून पडद्याच्या भोकातून बघत होता, मिशा थरथरत होत्या.

मारामारी झाली. कान गप्प. मागे शांतता.

अस्वल झाडाला वळसा घालून परत आलं. कान गप्प. कुणीतरी जांभई दिली.

मग कासवं आली. आणि गुहेत एकदम कुणीतरी खदाखदा हसलं.

ती ठकूमावशी म्हैस. मावशी कडेला भिंतीला टेकून बसायची, म्हणून तिला अर्धा पडदा दिसायचा. "अगं बया, पाला खातंय बघ! ह्यो वर बोंबलतोय आन् ते पाला खातंय!"

"मावशी, श्शू!" हरणं म्हणाली.

"अगं पण बघ की."

"दादासाहेब हसले का?"

"नाय."

"मग तुम्ही काय त्यांच्यापेक्षा शहाण्या? गप बसा."

मावशीने तोंड मिटलं. तिचं पोट मात्र बराच वेळ हलत होतं.

इंटरव्हल झाला. कान अजून गप्प. झिप्रू पडद्यामागे स्वतःच्या मिशा कुरवाळत बसला होता. शेवटचं भेटून घेतो तसा.

आता एक गोष्ट बाबल्याच्या डोक्यात आली नव्हती. हत्तीची कातडी जाड. खाज पोचायला वेळ लागतो. ती पोचली इंटरव्हलनंतर, नेमकी आई मरताना.

पडद्यावर वानरीण म्हणाली, "बाळा, पाणी..."

दादासाहेबांचा डावा कान हलला.

वानरीण म्हणाली, "येते मी..."

दादासाहेबांचे दोन्ही कान फटाफटा हलले. सोंड वर गेली. ते शिळेवर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे घासू लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक हरीण ओरडलं, "अरे हसतायत! दादासाहेब हसतायत!"

झालं. गुहा फुटली. हरणं लोळायला लागली. रानडुकरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. तिकडे आई मरतेय, इकडे शिट्ट्या. शिळेमागच्या पहिल्या रांगेत ती म्हातारी वानरीण स्वतः बसली होती. तिने मागे वळून बघितलं आणि मग, काय करणार, तीपण हसली.

दादासाहेबांना आता बसवेना. उठले, पाठ भिंतीला घासली, आणि धाडधाड पळत जाऊन तळ्यात उडी मारली.

सगळ्या पब्लिकने एकमेकांकडे बघितलं. मग सगळे उठले, पाठी भिंतीला घासल्या, आणि पळत जाऊन तळ्यात उड्या मारल्या. ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांनीसुद्धा. त्यांना मग कासवांनी बाहेर काढलं.

संध्याकाळी घुबडमास्तरांनी फांदीवरून परीक्षण सांगितलं. जंगलात सिनेमाचं परीक्षण तेच सांगायचे. दुपारचा खेळ, म्हणजे मास्तर पूर्ण वेळ झोपलेले. पण झोपेतही चेहरा एवढा गंभीर, की कुणाची शंका घ्यायची हिंमत नाही.

"हा सिनेमा," मास्तर म्हणाले, "डोळ्यांनी बघायचा नाही. पाठीने बघायचा."

"वा!" सगळे म्हणाले आणि पाठी खाजवल्या.

मग काय, रोज गर्दी. शेजारच्या जंगलातून पब्लिक यायला लागलं. जुने नव्यांना शिकवायचे, "आई मरते तिथे हसायचं बरं का. मग भिंत. मग तळं." एक नवखा ससा आईच्या सीनला रडला. त्याला सगळ्यांनी अडाणी म्हणून हाकललं.

ठकूमावशी तळ्यात आधीपासूनच बसलेली असायची, तिची जागाच ती. एकदा झिप्रू तिथून छाती काढून चालला होता. तिने हाक मारली. "ए पोरा, मला ती कासवं लै आवडली बघ."

बाळांनो, हे ऐकायला त्या बोक्याने जिवाचं रान केलं होतं. आता तो काय म्हणाला असेल?

"मावशी, तुम्हाला सिनेमातलं कळत नाही. दादासाहेब तिथे हसलेत का?"

आणि त्याने दुसऱ्याच दिवशी कासवांचा पाठलाग कापून टाकला. त्या जागी आईला आणखी दोनदा मारलं. पब्लिक खूश.

आता राहिली पैज. बाबल्याला पाणवठ्यावर आणून बसवलं. खेकडा न्हावी नांग्या घासत पुढे आला. सगळं जंगल बघायला. दादासाहेब मधोमध. झिप्रू मिशांना पीळ देत.

"थांबा!" बाबल्या ओरडला. "दादासाहेब हसलेच नाहीत! त्यांना खाज सुटली होती!"

"जळतोय," हरणं म्हणाली.

"शिळेवर खाजकुयली होती!"

"तुला काय माहीत?"

बाबल्या थांबला. शेपटीकडे बघितलं. नांग्यांकडे बघितलं. आणि एका दमात बोलून टाकलं. "कारण ती मी टाकली. मीच. दादासाहेबांनी उठून जावं म्हणून. हा बघा पंजा, पसरताना लव लागली, अजून लाल आहे!"

"मेकअप," घुबडमास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

"म्हणजे आम्ही रोज भिंतीला पाठी घासल्या त्या काय उगाच?" एक रानडुक्कर भडकलं. "आमची पाठ तर सालपटली! बिनखाजेची सालपटते का?"

सगळ्यांना पटलं. तरी एकाने दादासाहेबांना विचारलंच. "दादासाहेब, तुम्हीच सांगा. हसला होतात ना?"

दादासाहेबांनी विचार केला. हसलो म्हणावं, तर जाणकार. खाजवत होतो म्हणावं, तर एका मुंगसाने सगळ्या जंगलासमोर नाचवलेला हत्ती.

"हसलो होतो," दादासाहेब म्हणाले. "विशेषतः आईच्या प्रसंगाला."

झिप्रूने पडद्याच्या भोकातून सगळं बघितलं होतं. हसणं कुठलं आणि खाज कुठली, हे जंगलात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण मिशा जाग्यावर होत्या.

"न्हावी, घ्या," तो म्हणाला.

खेकड्याने शेपटीचा पहिला झुपका उडवला. बाबल्या आता खरंच रडायला लागला. "अहो, देवाशप्पथ! मी टाकली! सागाच्या पानात धरून टाकली! मी नालायक आहे, मी चोर आहे, पण हत्ती हसला नाही हो!"

एवढ्यात दादासाहेबांच्या कानावर एक माशी बसली.

कान हलला.

पाणवठा फुटला. हरणं लोळली. रानडुकरांनी थापा मारल्या. घुबडमास्तर झोपेत म्हणाले, "सहज अभिनय." झिप्रूचे डोळे चमकले, पुढच्या सिनेमाला हिरो मिळाला होता.

"परत म्हण, परत म्हण! ते चोरवालं!"

शेपूट भादरली जात होती आणि बाबल्या गळा फाडून कबूल करत होता. "मीच टाकली! आईशप्पथ मीच टाकली!"

"वन्स मोअर!"

"मीच टाकली हो!"

तात्पर्य: खरं जरूर बोलावं. पण आधी पुढे बसलेल्याच्या कानावरची माशी हाकलून घ्यावी. आणि ही गोष्ट ऐकताना तुम्हाला कुठे हसू आलं असेल, तर लगेच तोंड मिटा. शेजारचा हसला का?