किंकाळी आधी, दाढ नंतर

"टिल्लूला बोलावते! त्यानं एक व्हिडिओ केला ना, की या बाकावर बसायला रांग लागेल, रांग! माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही!"

डॉक्टरीणबाईंनी ही घोषणा केली तेव्हा दवाखान्यातला तो बाक रिकामा होता. खरं तर महिनाभर रिकामाच होता. मधे एकदा एक गृहस्थ येऊन बसले होते, पण ते बसची वाट बघत होते.

डॉक्टर दातांचे. हात इतका हलका, की पेशंट खुर्चीत घोरायला लागायचे. पण रस्त्याच्या पलीकडे काचेचा नवा दवाखाना उघडला. गार हवा, भिंतभर टीव्ही आणि माशांची पेटी! ज्याची दाढ ठणकतेय त्याला मासे बघून काय मिळतं, देव जाणे! पण सगळी गर्दी तिकडे. त्यातून तो दवाखाना डॉक्टरांच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोराचा. परवा तो अगदी आदबीनं येऊन म्हणाला, "सर, आमच्याकडे एक खुर्ची रिकामी आहे. तुम्हीच या की!"

"सोमवारी हो म्हणून टाकतो," डॉक्टर म्हणाले. "पाटी उतरवायची म्हणजे चार स्क्रू काढायचे, दुसरं काय!"

ते हसून म्हणाले, पण बाईंना हसू आलं नाही. इतकी वर्षं स्वतःच्या पाटीखाली बसलेला माणूस आता विद्यार्थ्याच्या टीव्हीखाली बसणार?

बाईंना ओरडावंसं वाटलं, पण घड्याळात साडेदहा वाजले होते. त्यांचा एक नेम होता. दुपारी बारापर्यंत कुणावरही आवाज चढवायचा नाही. बारानंतरही त्या फारशा ओरडत नसत, पण निदान तशी सोय असायची.

टिल्लू आला. जन्मला तेव्हा वीतभर होता म्हणून टिल्लू. आता दाराला डोकं आपटून आत येतो. सोबत तीन पायांचा स्टँड, गोल दिवा आणि व्हिडिओ कसे करावेत या विषयावर नुकतंच मिळवलेलं अथांग ज्ञान.

डॉक्टरांनी केस विंचरले, कोट घातला आणि कॅमेऱ्याकडे बघून सुरुवात केली, "नमस्कार. दातांची निगा हा अत्यंत महत्त्वाचा..."

"कट!"

"काय चुकलं?"

"भाऊजी, तुम्ही नमस्कार म्हणेपर्यंत लोक अंगठ्यानं पुढे सरकले! पुढच्या व्हिडिओत मांजर पेटी वाजवतंय. तुमची स्पर्धा मांजराशी आहे, भाऊजी!"

डॉक्टरांनी कंगवा खिशात ठेवला. मांजराशी स्पर्धा करायची त्यांची तयारी नव्हती.

"गोष्ट पाहिजे, गोष्ट!" टिल्लू येरझाऱ्या घालू लागला. "पहिल्या तीन सेकंदांत गळ टाकायचा. मग संकट! मग हुरहुर! आणि सुटका एकदम शेवटी. पेशंट आहे का एखादा?"

पेशंट असता तर टिल्लूला कशाला बोलावलं असतं? शेवटी शेजारचे कवायतीचे निवृत्त मास्तर सापडले. त्यांची एक दाढ खरोखरच काढायला झाली होती. मास्तर खुर्चीत ताठ बसले. भूल दिली, दहा मिनिटं थांबले, डॉक्टर हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. मग जरा वाकले, सरळ झाले, आणि मास्तर म्हणाले, "बोलण्यात वेळ चाललाय डॉक्टर! सुरू कधी करताय?"

दाढ ताटलीत पडलेली होती!

"झालं!" बाईंनी हात जोडले. "टिल्लू, हेच टाक. याहून जास्त काय पाहिजे?"

टिल्लूनं तोंड कडू केलं. "ताई, यात संकट कुठाय? दाढ हसत हसत निघाली तर बघणारा थांबेल कशाला? मास्तर, एक किंकाळी द्याल का?"

"पण मला दुखलंच नाही."

"गोष्टीसाठी हो!"

मास्तरांनी तोंडातला बोळा काढून ठेवला. हा गळा म्हणजे मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोरांना सावधान करणारा गळा! किंकाळी अशी निघाली, की कपाटातल्या बाटल्या एकमेकींना बिलगल्या. पायरीवर झोपलेला कुत्रा उठून गेला तो पुन्हा त्या रस्त्याला दिसला नाही.

"आणखी एक घेऊ," मास्तरच म्हणाले. "मघाशी शेवटी श्वास कमी पडला."

टिल्लूनं दोन दिवस दार लावून कापाकापी केली. तयार झालेला व्हिडिओ असा: आधी किंकाळी. मग चिमटा, एवढा मोठा की त्यानं झाड उपटावं. परत किंकाळी, या वेळी मास्तरांच्या पडजिभेपर्यंत जाऊन. मग काळ्या पडद्यावर लाल अक्षरं: 'मास्तर वाचतील का?' त्यानंतर बाकीचं सगळं, आणि अगदी शेवटी मास्तरांचं हसू आणि 'सुरू कधी करताय?'

बाईंना शेवट इतका आवडला, की त्या पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला. रात्री धाकट्या नणंदेचा फोन आला.

"वहिनी, खरं सांग. पेशंट शुद्धीवर आला का? दादाला वकील लागेल का गं?"

"अगं, शेवटपर्यंत बघितलास का?"

"छे गं! बघवलंच नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखालून एक आई मुलाला ओढत चालली होती. "ब्रश करत नाहीस ना? थांब, या डॉक्टरांकडेच नेते!" त्या मुलानं तिथल्या तिथे बोटानं दात घासायला सुरुवात केली.

मास्तर मात्र खुशीत. कोपऱ्यावर लोक त्यांना थांबवून किंकाळीची फर्माईश करत. ते कुणाला नाही म्हणत नसत!

"टिल्लू," बाई अगदी हळू म्हणाल्या. नऊच वाजले होते. "कुणीच शेवट का बघत नाही रे?"

टिल्लूनं फोनवरचा आलेख दाखवला. "हा डोंगर बघ. एवढे लोक आले! आणि हा कडा."

"कडा म्हणजे?"

"इथून सगळ्यांनी उड्या टाकल्या."

"शेवटपर्यंत किती जण पोचले?"

"अकरा. त्यात नऊ वेळा तू."

"आणि दोन?"

"मास्तर."

"किंकाळी काढून टाक," बाई दात आवळून म्हणाल्या.

टिल्लूनं काढली. पण नुसती काढून कसं चालेल? गोष्ट पळती हवी, रेंगाळणं बंद! म्हणून त्यानं मधले सगळे थांबे उडवले. भूल, दहा मिनिटं, हवापाणी, सगळं गेलं. आता व्हिडिओत डॉक्टर दारातून आत येत, मास्तरांच्या तोंडात हात घालत आणि दाढ घेऊन बाहेर पडत. रेल्वेच्या गर्दीत पाकीट मारावं तसं! खाली लोकांनी विचारलं होतं, 'भूलबिल देत नाहीत का इथे?' एकानं लिहिलं होतं, 'निदान बसा तरी म्हणायचं!'

"आता भावनेला हात घालू!" टिल्लू म्हणाला. बाई नको म्हणेपर्यंत तिसरा व्हिडिओ बाहेरही पडला. काळापांढरा. डॉक्टर संथपणे खिडकीतून आभाळाकडे बघताहेत, मागे व्हायोलिन, आणि अक्षरं उमटतात: 'एक हात... एक विश्वास... एक आयुष्य...'

शनिवारी सकाळी दवाखान्यात तीन जुने पेशंट आले! बाईंना कोण आनंद! पण तिघंही मान खाली घालून बाकावर बसले. एक आजी बाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "फार सज्जन होते हो! काही त्रास झाला का शेवटी?"

इतक्यात डॉक्टर चहाचा कप घेऊन बाहेर आले. म्हणाले, "कुणाची दाढ दुखतेय?"

आजी किंचाळल्या. मास्तरांहून सरस!

त्या दिवशी डॉक्टरांनी ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि टेबलावर ठेवला. या वेळी ते हसले नाहीत. बाईंना ते जास्त लागलं.

सोमवार उजाडला. टिल्लूचा पत्ता नव्हता. साडेअकराच्या सुमाराला बाई पाटी शेवटची पुसावी म्हणून फडकं घेऊन दारात आल्या, आणि समोर नजर जाताच फडकं हातातून गळलं. काचेच्या दवाखान्यात, माशांच्या पेटीशेजारी, गाल टोमॅटोएवढा फुगवून बसलेला सहा फुटी माणूस कोण? टिल्लू!

बाईंनी रस्ता ओलांडला.

"टिल्ल्या," त्या पुटपुटल्या. आवाज इतका हळू होता, की तिथे बसलेले सगळे दचकले. "तुझे भाऊजी घरात असताना तू इथे?"

"ताई, ठणका सोसवेना गं! पण ती किंकाळी... दोन दिवस तीच ऐकतोय मी! झोपेतसुद्धा!"

"ती खोटी होती! तूच मागून घेतलीस!"

"कळतं गं! पण पहिल्या तीन सेकंदांत मनात बसते ना!"

बाईंनी त्याचा कान धरला. मासे बघत बसलेल्या लोकांना यापेक्षा बरं काही दिसलं नव्हतं. ते सगळे मागोमाग निघाले. टिल्लूला खुर्चीत बसवलं तेव्हा दवाखान्याच्या खिडकीला बाहेरून वीस-पंचवीस नाकं चिकटली होती. सगळे किंकाळीची वाट बघत होते.

डॉक्टरांनी भूल दिली. लोक थांबले. डॉक्टर हवापाण्याबद्दल बोलू लागले. लोक थांबले. दहा मिनिटं काहीही घडलं नाही, पण एक नाक हललं नाही. मग डॉक्टर जरा वाकले, सरळ झाले.

टिल्लूनं एक डोळा उघडला. "भाऊजी, सुरू कधी करताय?"

डॉक्टरांनी दाढ दाखवली.

बाहेर कुजबुज झाली. "किंकाळी नाही?" "फसवणूक आहे ही!" एकजण तर चिडलाच. पण परवाच्या त्याच आजी गर्दीतून वाट काढत आत आल्या आणि बाकावर बसल्या. "माझीही बघा हो. जिवंत आहात तोवर उरकून घेते." त्यांच्यामागे आणखी एकजण बसला. मग एक बाई. बाक भरला! मास्तर उगाचच रांग सरळ करू लागले.

डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये परत टाकला. "आज समोर जायला वेळ होईलसं वाटत नाही," ते म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले. टिल्लू तोंडातल्या बोळ्यातून ओरडला, "ताई, बघितलंस? शेवटपर्यंत टिकले! एक माणूस हलला नाही!"

"टिल्लू," बाई हळूच म्हणाल्या, "हे सगळं कॅमेऱ्यात आलं ना रे?"

टिल्लूनं कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेरा पिशवीत होता.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. बाराला पाच कमी होते. त्यांनी स्टूल ओढलं, टिल्लूच्या समोर ठेवलं, आणि त्यावर शांतपणे बसून राहिल्या.

टिल्लूनंही घड्याळाकडे बघितलं.

खिडकीबाहेरून मात्र एकही जण हलला नाही.