पिशवीचं पथ्य

शेजारच्या डोंगरातली माणसं गोबरगॅस बघायला येणार, म्हणून दिओसेलिना आत्याने सकाळीच डुकरांचा गोठा धुऊन काढला. नुसत्या पाण्याने नव्हे, ब्लीचची अख्खी बाटली ओतून. ते पाणी पन्हळीतून उतरलं आणि नेहमीच्या वाटेने थेट प्लास्टिकच्या लांबलचक पिशवीत गेलं. या घरातला रोजचा स्वयंपाक त्याच पिशवीतल्या गॅसवर होत असे.

तिचा भाऊ एरिबेर्तो केळीच्या बागेतून आला आणि अंगणातच थबकला.

"गोठ्याला दवाखान्याचा वास का येतोय?"

"पाहुणे यायचेत ना. लोकांनी काय डुकरांची घाण बघायची?"

"अगं, ते घाणच बघायला येतायत."

गॅस तयार करणारे जंतू त्याने स्वतः बसवलेल्या त्या पिशवीत वर्षभर जपले होते, आणि ब्लीच नेमकं जंतूंनाच मारतं. दुपारी कॉफीचं पातेलं चढलं. ज्योत जराशी उचकली आणि विझली. पाहुणे शेगडीभोवती उभे राहून मान डोलावत राहिले, जणू एवढंच बघायला आले होते.

"पिशवीचं पोट बिघडलंय," एरिबेर्तो त्यांना म्हणाला. "आता गायीचं ताजं शेण द्यायचं, बेताबेताने. एवढंच पथ्य."

एरवी पाहुण्यांनी वाहवा केली की तो आपल्या मुलीकडे, अंपारोकडे बघे. ती बुकारामांगा शहरातल्या शाळेत शिकवायची, सुटीत घरी यायची आणि पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची, "भांडी काळी होत नाहीत, एवढं बरं." त्या दिवशी वाहवा झाली नाही, तरी त्याने बघितलंच.

"आज भांडीसुद्धा काळी होणार," ती म्हणाली. तो हसला आणि चूल पेटवायला बसला.

दुसऱ्या सकाळी तो शेजारच्या एवेलिओकडे शेण आणायला गेला. तिथे गायीच्या पाठीवर हात ठेवून उभा असताना खाली बसला, तो उठलाच नाही. बातमी सांगायला आलेल्या एवेलिओच्या हातात भरलेली बादली होती. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं. अंपारोने ती घेतली आणि बराच वेळ हातात धरूनच उभी राहिली.

घरात त्याच्या आत्म्यासाठी नऊ संध्याकाळच्या प्रार्थना सुरू झाल्या.

"ती पिशवी कापून टाक," आत्या म्हणाली. "माझ्याच्याने बघवत नाही. मीच मारली तिला."

"मेली नाही, आत्या. आजारी आहे."

पथ्याची गोष्ट गावभर झाली होती. दुसऱ्या संध्याकाळपासून माणसं पाव घेऊन आली, तशी शेणही घेऊन आली. बादल्या, डबे, विणलेल्या रुमालाने झाकलेलं एक घमेलं. जपमाळा घेतलेल्या बायका त्यातून वाट काढत आत जाऊ लागल्या.

"आज नको, मावशी," अंपारो एकीला म्हणाली. "पिशवीला रोज एकच बादली झेपते."

"काल एवेलिओचं घेतलंस. आमच्या गायी काय कागद खातात?"

"तुमचं उद्या घेते."

"उद्यापर्यंत शिळं होईल ते."

शेवटी पाळ्या लावाव्या लागल्या. फादरांकडे गाय नव्हती. त्यांनी आपल्या खेचराची लीद आणली आणि नम्रपणे रांगेच्या शेवटी उभे राहिले. आत सगळे प्रार्थना सुरू व्हायची वाट बघत होते.

नवव्या संध्याकाळी आत्याचे डोळे लाल झाले होते. धुराने, असं ती म्हणाली. अंपारोने शेगडीची चावी फिरवली, काडी ओढली. निळी ज्योत लागली. बारीक होती, पण टिकली. आत्याने चुलीवरचं कॉफीचं आधण उचलून तिच्यावर ठेवलं.

अंपारो वाकून बघत राहिली.

"छान झालंय," ती पुटपुटली.

"अजून पूड टाकायचीय त्यात."

"कॉफीचं नाही म्हणत, आत्या."

मागे दारापर्यंत माणसं उभी होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "तुम्ही केलंत ते फार छान आहे, बाबा."