तांबडा काटा

गिरणीतल्या माणसाला खरं म्हणजे घड्याळ लागत नाही. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की भाकरीचं फडकं सोडायचं, भोंगा झाला की घरी यायचं. मागांवरचे मुकादम हिंदुराव जॉबर यांनी वीस वर्षं अशीच काढली होती. आणि तरीही एका सकाळी त्यांनी बायकोला सांगितलं की आपण भारीतलं घड्याळ घेणार आहोत.

"कशापायी?" बजाबाईंनी विचारलं.

"सोनीला आनायला."

यातला संबंध कळायला दोन वर्षं मागं जायला हवं. तेव्हा हिंदुरावांचे व्याही, वेळापूरचे रामहरी, सोलापूरला आले होते. गिरणीतल्या साच्याचा पट्टा तुटल्यामुळं हिंदुरावांना स्टेशनावर पोचायला उशीर झाला. तोवर रामहरी भर वैशाखात फलाटावर आपल्या ट्रंकेवर बसून होते. हिंदुराव धापा टाकत आले, तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं तसेच परत गेले. त्या दिवसापासून हिंदुरावांच्या लेकीला, सोनाबाईला, माहेर बंद झालं.

आता सोनाबाईला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत रामहरींनाही मोडवेना. वेळापूरच्या मास्तरांच्या हातचं पत्र आलं. 'सोमवारी चारच्या गाडीने सूनबाईस घेऊन येतो. वेळ म्हणजे वेळ. मागल्यासारखे घडल्यास परतीच्या गाडीने तिला घेऊन जाईन व बाळंतपण इकडेच होईल.'

"मग सकाळीच जाऊन बसा की तितं," बजाबाई म्हणाल्या.

"जॉबर मानूस दिसभर टेसनावर बसंल? लोक म्हनतील, काम सुटलं ह्येचं."

बजाबाई परत चुलीकडे वळल्या. दोन वर्षांत लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. घड्याळ घेतल्यानं ती येणार असेल तर घरात चार घड्याळं आली तरी त्यांची हरकत नव्हती.

स्टेशनाच्या रस्त्यावर तिप्पण्णांचं घड्याळांचं दुकान होतं. सासऱ्याचं दुकान दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आलं होतं, कपाटातल्या मालासकट. तिप्पण्णांनी मखमलीची डबी काढली, तिच्यावरची धूळ कोपरानं पुसली आणि झाकण उघडलं. आत सोन्याचं पाणी दिलेलं, साखळीचं, विलायती घड्याळ होतं. त्याला मिनिटांचे दोन काटे होते, एक काळा आणि एक तांबडा, एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले.

"ह्ये दोन कशाला?"

तिप्पण्णांनाही ते माहीत नव्हतं. पण डबीत इंग्रजी कागद होता, आणि त्यातलं 'रेल्वे' एवढं त्यांना लागत होतं. "काळा आपला घरचा, मालक. तांबडा रेल्वेचा. दुसऱ्या कुठल्या घड्याळाला हाय काय असं? बघा की फिरून."

"रेल्वे अर्धा तास म्होरं?"

"सरकारची हाय की ती. सरकार लोकांच्या पुढंच असतंय."

"वापरल्यालं न्हाय न्हवं?"

"कोरं. आजपतोर एका माणसाच्या खिशात गेलेलं नाय. शपथ."

हे अगदी खरं होतं. हिंदुरावांनी तीन महिन्यांचा पगार मोजला, भोंग्याला काळा काटा जुळवून घेतला आणि घरी जाऊन वेळापूरला पत्र टाकलं, 'मी रेल्वेचे घड्याळ घेतले आहे. निश्चिंत यावे.'

पुढचे आठ दिवस भवानी पेठेत कुणालाही किती वाजले हे विचारण्याची सोय राहिली नाही. विचारलं की हिंदुराव बंडीच्या खिशातून घड्याळ काढत आणि "घरचं सांगू का रेल्वेचं?" म्हणत. लोक भोंग्याकडेच कान लावू लागले.

सोमवारी ते धुतलेला फेटा बांधून निघाले. स्टेशनावर पोचले तेव्हा तांबड्या काट्यानं पावणेचार झाले होते. त्यांनी फलाटावर मध्यभागी उभं राहून मिशीवरून हात फिरवला. तांबड्याचे चार वाजले. गाडी आली नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली. फलाटावर कुणी उठेना, हमाल बिड्या ओढत बसलेले. एवढ्यात हिंदुरावांची नजर फलाटावरच्या मोठ्या घड्याळाकडे गेली. त्यात तीन पस्तीस झाले होते.

दुसरा कुणी असता तर त्यानं आपलं घड्याळ बघितलं असतं. हिंदुराव स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले.

"सायेब, तुमचं घड्याळ मागं पडलंय."

स्टेशनमास्तर बसलिंगप्पा निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. तीस वर्षांच्या नोकरीत लोक त्यांना गाडी उशिरा आल्याबद्दल बोलले होते, पण घड्याळाबद्दल हा पहिलाच.

"कशावरून?"

"माज्याकडं रेल्वेचा काटा हाय."

बसलिंगप्पांनी चष्मा लावून घड्याळ हातात घेतलं. काचेवरून तांबड्या काट्यावर अंगठा फिरवला. मग त्यांचा चेहरा असा मऊ झाला की हिंदुरावांना वाटलं, माणसाला कुणाची तरी आठवण झाली.

"अहो, मी उमेदवार म्हणून लागलो तेव्हा गाड्या ह्या वेळेनं चालत होत्या. मद्रास टाइम. मुंबईची वेळ निराळी, रेल्वेची निराळी, मध्ये अर्ध्या तासाचा फरक. त्यासाठी हा दुसरा काटा. ती वेळ एकोणीसशे पाच साली बंद झाली. आता सगळी रेल्वे एका वेळेनं चालते की."

"बंद झाली म्हंजे?"

"म्हणजे सत्तावीस वर्षं झाली. ह्या काट्यानं दाखवलेली वेळ आता हिंदुस्थानात कुठंच वाजत नाही."

"पर घड्याळ कोरं हाय."

"असेल. तेवढी वर्षं कुणी घेतलं नसेल."

हिंदुरावांच्या कानशिलांतून वाफ निघाली. गाडीला अजून पंचवीस मिनिटं होती आणि तिप्पण्णाचं दुकान पाच मिनिटांवर. शहाण्या माणसानं तिथंच बाकावर बसून घ्यायला हवं होतं. पण फसवलेल्या माणसाला धीर नसतो, आणि तो जॉबर असेल तर अजिबात नसतो.

"जुना माल गळ्यात मारलास," दुकानाच्या पायरीवरूनच त्यांनी सुरुवात केली.

"जुना कुठला? कोराच हाय की."

"ह्यातली येळ सरकारनं बंद केलीया."

तिप्पण्णांनी क्षणभर विचार केला. "मग वेळ जुनी झाली, मालक. घड्याळ नाय."

"पैसं दे माजं."

"पैसे सरले. काटा नको ना तुमास्नी? काटा काढून देतो. फुकट."

हिंदुराव नको म्हणेपर्यंत तिप्पण्णांनी काच उघडून चिमट्यानं तांबडा काटा धरलासुद्धा. तो सत्तावीस वर्षं एका जागी होता, सहजासहजी यायला तयार नव्हता. तिप्पण्णांनी फुंकर मारली, तेल सोडलं, डोळ्याला भिंग लावलं, कन्नडमध्ये दोन शब्द बोलले. अखेर काटा सुटला. घड्याळाची टिकटिक मात्र त्याच्या बऱ्याच आधी सुटली होती.

"थांबलं," हिंदुराव म्हणाले.

"दमलंय. चालंल उद्या." तिप्पण्णांनी तांबडा काटा कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या हातात दिला. "तुमचा माल तुमाला."

घड्याळ चाराला दहा कमी दाखवत होतं. हिंदुरावांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर अकरा घड्याळं होती, आणि अकरांच्या अकरा वेळा होत्या.

"ह्यातलं खरं कंचं?"

"दुरुस्तीला आल्यात सगळी. खरं असतं तर आलं असतं काय हितं?"

तेवढ्यात स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. हिंदुरावांनी फेटा सावरला. "गाडी आली वाटतं."

"ती आलेली नाय मालक," तिप्पण्णा म्हणाले. "ती निघाली."

हिंदुराव पळाले. पळताना त्यांना दोन वर्षांपूर्वीची ती ट्रंक दिसत होती, घरी चुलीपुढं बसलेली बजाबाई दिसत होती, आणि घड्याळाऐवजी आपण चुलीत घालायच्या गोवऱ्या विकत घेतल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटत होतं. त्यांचा जीव अगदी रडकुंडीला आला होता.

फलाट रिकामा होता. स्टेशनमास्तरांच्या खोलीत मात्र रामहरी खुर्चीवर ताठ बसले होते. पुढ्यात चहाचा कप, पण शिवलेला नाही. कोपऱ्यात बाकावर सोनाबाई होती. तिचे पाय सुजले होते आणि तिनं बापाकडे एकदा पाहून मान खाली घातली.

"मी सांगितलं यांना," बसलिंगप्पा घाईनं म्हणाले, "तुम्ही सव्वातीनपासून इथं होता म्हणून."

"दुसऱ्याचं मला सांगू नगा," रामहरी म्हणाले. "ट्रंकंवर बसलो म्या परत. पत्रात लिवलं व्हतंसा, रेल्वेचं घड्याळ घेतलंय. काडा. त्ये काय म्हनतंय त्ये बगू. त्यात उशीर निगाला तर सूनबाई माज्यासंगट माघारी."

रामहरींच्या डोक्यामागं भिंतीवर स्टेशनचं घड्याळ होतं, त्यात साडेचार वाजत आले होते. खोटं बोलायचं हिंदुरावांना सुचलं नाही, खरं बोलायचा धीर झाला नाही. त्यांनी बंद पडलेलं घड्याळ काढून व्याह्यांच्या हातात ठेवलं.

रामहरींनी ते दोन्ही हातांत धरलं. डोळ्यांपासून जरा लांब नेलं. जरा जवळ आणलं. साखळीची कडी खाली लोंबत होती आणि बाराचा आकडा त्यांच्या पोटाकडे होता.

हिंदुरावांनी ते पाहिलं. बसलिंगप्पांनीही पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. सोनाबाईनं पदराआडून बापाकडे बघत अगदी थोडी, कुणाला दिसेल न दिसेल इतकी, बोलू नका अशी मान हलवली. ती दोन वर्षं त्या घरात होती. तिला ठाऊक होतं.

नांगराच्या रुमण्यानं घट्टे पडलेल्या त्या बोटांकडे पाहताना हिंदुरावांचा राग कुठं गेला त्यांना कळलं नाही. गिरणीनं उशिराचे पैसे कापले नसते तर आपल्याला तरी कुठं घड्याळ वाचता आलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. त्या माणसाची त्यांना एकदम माया वाटली.

रामहरींनी ओठ हलवून काही मोजल्यासारखं केलं. एकदा घड्याळाकडे, एकदा व्याह्यांकडे पाहिलं. शेवटी हुंकार देऊन ते म्हणाले, "व्हय. बराबर हाय. येळेवर आलासा."

बसलिंगप्पांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि बाहेर ओरडून आणखी दोन चहा सांगितले.

"तुमी बगितलंसा म्हंजे झालं," हिंदुराव म्हणाले. "मला तर शंका व्हती."

"शंका कसली? आकडं बोलत्यात की." रामहरींनी घड्याळ परत दिलं, गार झालेला चहा बशीत ओतला आणि सुनेकडे वळून म्हणाले, "बग सूनबाई, मी गावच्या मास्तराला म्हनलंच व्हतं. मानसाकडं असलं घड्याळ असलं का मानूस चुकत न्हाय."

"व्हय, मामंजी," सोनाबाई म्हणाली, आणि तिनं आपलं गाठोडं बापाकडे सरकवलं.