डोमाजीची बोट उठत नाही

माझं वजन अख्ख्या गावाला तोंडपाठ आहे. कारण आमचा नावाडी डोमाजी मला रोज सकाळी मासळीच्या काट्यावर उभं करतो. जिथं आत्ताच रोहू तोलली, तिथं शाळेची बाई! वरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "एकसष्ट! म्याडम, काल कुठं लग्नात जेवल्या काय?"

माझी शाळा तलावापलीकडे. रस्त्यानं जायचं तर जंगलाला वळसा, म्हणून ही बोट. मागं छोटं इंजिन. जोर केला की बोटीनं नाक खाली घेऊन पाण्यावर उठावं आणि सुसाट सुटावं, एवढीच अपेक्षा. पण ही नाक आभाळाकडं करते, बूड पाण्यात रुतवते आणि रडत जाते. मी रोज उशिरा, रोज बोलणी खाते.

बरं, डोमाजीनं काही करायचं सोडलं नाही. बुडाचं शेवाळ खरवडलं. पंखा बदलला. इंजिनाचा कल बदलायला त्याची खीळ एक भोक अलीकडं घेतली, पेट्रोलचा डबा पुढं आणला. तरी बोट ढिम्म! मग दोष कुणाचा? आमचा. "इंजन चांगलं हाये, माणसंच जड झाली." पोस्टमनला थैलीसकट काठावर ठेवलं यानं! आणि मी? मी मूर्खासारखी रात्रीची अर्धी पोळी सोडली.

शेवटी सरपंचबाईंनी बजावलं, सोमवारी मी काठावर येते. बोट उठली नाही तर फेरी दुसऱ्याला.

सोमवारी मी लवकरच पोचले आणि भडकले. "डोमाजी, आज माणसं नाही, बोटीतली एकूणएक वस्तू काट्यावर चढेल."

"चढवा ना. कोण नाई मनते?"

दोर चढला, वल्हं चढलं. मागची पेटी राहिली.

"तिले हात नोका लावू."

मी झाकण उघडलंच. आत हिरव्या लुगड्यात गुंडाळलेला पाटा आणि वरवंटा. ऐन इंजिनाशेजारी वीस किलो दगड! माझ्या अर्ध्या अर्ध्या पोळ्या डोळ्यांपुढं आल्या.

"हे काऊन ठेवलं?"

डोमाजी फळीवर बसला. "माही सुंदरा तिथंच बसे. मी या बाजूनं, ती त्या बाजूनं. ती मेली अन् बोट माह्याकडं झुकाले लागली. जागा खाली दिसून राहिली. मंग तिचा पाटा आणून ठेवला."

"मग हा कधी तोलला का नाही?"

"घरच्या माणसाले कोण तोलते, म्याडम?"

मी लुगडं पुन्हा गुंडाळलं. म्हटलं, "उतरवू नका. पुढं ठेवू." आम्ही दोघांनी उचलून तो नाकाशी ठेवला.

सरपंचबाई आल्या. डोमाजीनं जोर केला. बोट थरथरली, नाक खाली आलं आणि उठली की हो! लोकांनी शिट्या मारल्या. सरपंचबाईंनी हात हलवला.

बांधाच्या वळणाआड काठ दिसेनासा झाला, तसा यानं जोर कमी केला. बोट पुन्हा पाण्यात बसली.

"आता काऊन?" मी जवळजवळ किंचाळलेच.

तो समोरच्या पाट्याकडं बघत होता. "जोरात नेलं का तिले भेव लागे."

त्या दिवशीही मी उशिराच पोचले. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी सांगितलं, "काय करणार सर, माझंच वजन वाढलंय."