छोट्या विमानात बसायचं नाही

“पुढं सरकू नकोस. आपण या विमानात बसायचं नाहीये.”

आर्विड लेहतोलानं होणाऱ्या जावयाची बाही धरली, तेव्हा जावई जवळजवळ दारात पोचला होता. शिकागोचा विमानतळ, नोव्हेंबरातली शुक्रवारची दुपार. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला हॅन्सन हार्बरच्या लुथरन चर्चमध्ये त्याच जावयाचं लग्न होतं, आणि हॅन्सन हार्बरला जाणारं विमान समोर उभं होतं. मुलाची आई आत जाऊन बसलीही होती.

“पण सर, आपली तिकिटं याचीच आहेत ना?” कोरी बॅबकॉकनं विचारलं. हा नॅशव्हिलकडच्या एका शाळेत मुलांना ट्रंपेट शिकवायचा. दक्षिणेतला मुलगा. मोठ्यांना ‘सर’ म्हटल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

“होती. मी बदलली.”

आर्विड दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकायचा आणि त्यापायी वर्षाचा अर्धा भाग विमानात काढायचा. विमान कंपनीनं त्याला एक जाडजूड काळं कार्ड दिलं होतं. ते कार्ड दाखवलं की कॉफी लवकर येई, आणि काउंटरवरची माणसं त्याला नावानं हाक मारत. एवढ्या प्रवासातून त्याच्या हाती एकच तत्त्वज्ञान लागलं होतं: शहाण्यानं छोट्या जेटमध्ये पाय ठेवू नये. सहा फूट चार इंच उंचीचा हा माणूस तिथं ताठ उभा राहू शकत नसे. बॅग वरच्या कप्प्यात मावत नाही म्हणून ती दारातच काढून घेत. आणि हवा जरा बिघडली की सगळ्यात आधी रद्द व्हायची ती हीच विमानं.

“तिकडं तळ्यावर धुकं येणारे,” तो म्हणाला. “हे उडणार नाही. उडालं तर उतरणार नाही. आपण मोठ्या विमानानं ग्रीन बेला जायचं, तिथनं गाडी करायची. रात्रीच्या जेवणाला घरी.”

“आणि आई?”

“तिला रद्द झाल्यावर कळेल.”

दार बंद झालं. त्यांच्या दोन जागा वेटिंगवरच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला मिळाल्या. म्हातारीनं जाता जाता कोरीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “देव तुझं भलं करो रे.” पुढं कोरीला वाटत राहिलं, की देवानं तेवढं वाक्य नीट ऐकलं नसावं.

छोटं विमान वेळेवर उडालं. वेळेवर उतरलंही. धुकं आलंच नाही.

“त्याची आई पोचली,” फोनवर मार्लिस म्हणाली. मार्लिस म्हणजे आर्विडची बायको. तिचा आवाज चढत नसे. तो चढला असता तर आर्विडला बरं वाटलं असतं. “ती एकटीच पोचली. विमानभर मान वळवून मुलाला शोधत होती म्हणे. तू कुठं आहेस?”

“शिकागोत. मोठं विमान थोडं लेट आहे.”

“किती?”

“सांगत नाहीयेत.”

“आर्विड, मुलीचं लग्न आहे उद्या.”

“म्हणून तर धोका पत्करला नाही,” आर्विड म्हणाला.

ग्रीन बेच्या विमानाचं दार अखेर उघडलं तेव्हा काचेतून बाहेर बघून आर्विडचा चेहरा पडला. मोठ्या विमानात बिघाड निघाला होता आणि त्याच्या जागी कंपनीनं एक छोटं जेट आणून उभं केलं होतं. अगदी मघाच्यासारखंच.

“बसू या सर,” कोरी घाईनं म्हणाला. “छोटं तर छोटं. पोचू तरी.”

“थांब. मी बोलतो.”

हे ‘मी बोलतो’ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोरी अजून त्या घरातला झाला नव्हता. आर्विड काउंटरवर गेला, कार्ड ठेवलं, आणि ग्राहकाला मोठं विमान दाखवून छोट्यात कोंबणं ही कशी फसवणूक आहे ते त्यानं खणखणीत आवाजात समजावून सांगितलं. मागच्या रांगेतली दोन माणसं माना डोलवायला लागली, तसा त्याला आणखी जोर चढला. काउंटरवरच्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. तिला मोठ्या विमानातली माणसं छोट्यात बसवायची होती, त्यामुळे जागा कमी पडत होत्या, आणि समोर एक गृहस्थ स्वतःहून दोन जागा सोडत होता.

“मिस्टर लेहतोला, आपल्यासारख्यांना आम्ही नाही कसं म्हणू?” ती म्हणाली. “मिनिॲपोलिसला जाणाऱ्या मोठ्या विमानात दोघांची सोय करते. आपल्याला पहिल्या वर्गात.”

“बघ,” आर्विड वळून कोरीला म्हणाला. “असं बोलावं लागतं.”

“सर, मिनिॲपोलिस उलट्या दिशेला आहे.”

“मोठा विमानतळ आहे. मोठ्या विमानतळावरनं सगळीकडं जाता येतं.”

आर्विड पुढं रुंद खुर्चीत बसला. शेंगदाणे गरम करून आले. कोरी अगदी मागं, दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये, लग्नाचा सूट मांडीवर घेऊन बसला. दोन्ही माणसं हरणांच्या शिकारीला निघाली होती आणि डोक्यावरून एकमेकांशी बंदुकांबद्दल बोलत होती. शिकारीचा हंगाम रविवारी पहाटे सुरू होत होता. हॅन्सन हार्बरसारख्या मिशिगनच्या उत्तर टोकाकडच्या गावांत हंगामाच्या आदल्या दिवशी कुणी लग्न ठरवत नाही. पण सेन्या आर्विडची मुलगी होती. गावाच्या सोयीनं लग्न करणार नाही म्हणाली, आणि चर्चही सहज मिळालं.

मिनिॲपोलिसला उतरल्यावर या हंगामाचा खरा अर्थ आर्विडच्या ध्यानात आला. भाड्याची एकही गाडी शिल्लक नव्हती. सगळ्या शिकाऱ्यांनी नेल्या होत्या. एका काउंटरवरच्या पोऱ्यानं सामान वाहायचा उघडा टेम्पो देऊ केला, पण तो शहराबाहेर न्यायला बंदी होती. आणि हॅन्सन हार्बरला शनिवारी सकाळी एकच विमान होतं. ते छोटं होतं आणि भरलेलं होतं.

“वेटिंगला नाव घाला,” आर्विड म्हणाला. हे शब्द उच्चारताना तो खाली बघत होता.

रात्र त्यांनी विमानतळाच्या खुर्च्यांवर काढली. त्या खुर्च्यांना मधे हात होते, त्यामुळे आडवं होता येत नव्हतं. कोरीनं सूटची घडी मोडू नये म्हणून ती पिशवी एका खांबाला अडकवली आणि अधूनमधून उठून ती आहे ना, ते बघत राहिला. आर्विडला वाटलं, पोरानं एक शिवी घातली असती तर झोप लागली असती.

सकाळी गेटपाशी सगळीकडं भगव्या रंगाची जाकिटं दिसत होती. अख्खं विमान शिकाऱ्यांचं. बॅगा, बूट, बंदुकांच्या पेट्या यांचं वजन करता करता काउंटरवरच्या तरुणाला घाम फुटला होता. शेवटी त्यानं पुकारलं, “एक जागा आहे. फक्त एक. मिस्टर लेहतोला!”

आर्विड धावला. “ती या मुलाला द्या. आज लग्न आहे त्याचं.”

“अभिनंदन,” तरुण कोरीला म्हणाला. मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघून म्हणाला, “पण तुमचं नाव वेटिंगमध्ये सगळ्यात शेवटी आहे.”

“माझी जागा मी त्याला देतोय!”

“तशी देता येत नाही, सर. तुम्ही कार्डामुळं पहिले आहात. तुम्ही नको म्हणालात तर जागा दुसऱ्या नंबरला जाईल. ते बघा, ते तिकडं कॉफीच्या रांगेतले, भगवं जाकीट घातलेले.”

“इथं सगळ्यांनीच भगवं घातलंय!”

“म्हणूनच म्हणतो सर, वाद नको.”

आयुष्यात पहिल्यांदा आर्विडनं आपल्या कार्डाची किंमत कमी करून मागितली. “हे घ्या. फाडून टाका. मला सगळ्यात शेवटी टाका आणि त्याला पहिला करा.” तरुणानं सहानुभूतीनं मान हलवली. असं बटण त्याच्या यंत्रात नव्हतं.

“तुम्ही जा सर,” कोरी म्हणाला. रात्रभरातलं त्याचं ते पहिलं धड वाक्य. “निदान सेन्याला कुणीतरी नीट सांगेल. फोनवर माझ्यानं सांगवेना.”

“मी काय सांगू?”

“ते तुम्ही ठरवा,” कोरी म्हणाला. यावेळी तो ‘सर’ म्हणाला नाही.

आर्विड विमानात शिरला आणि दारातच त्याचं डोकं छताला आपटलं. जागेवर न बसता तो कमरेत वाकून मधल्या वाटेत उभा राहिला. “मंडळी,” तो म्हणाला, “बाहेर एक नवरा मुलगा उभा आहे. आज दुपारी त्याचं लग्न आहे. कुणी एक जण उतरलात तर...” सगळे आपापल्या बुटांकडं बघू लागले. त्यांना वाईट वाटत होतं यात शंका नव्हती. शेवटी खिडकीजवळचा एक पिकल्या मिशांचा माणूस समजुतीच्या सुरात बोलला, “हे बघा, लग्न काय, पुढच्या शनिवारीही लागतं. हरणं थांबत नाहीत.” दोन-चार जणांनी ‘बरोबर आहे’ म्हटलं. हवाई सुंदरीनं आर्विडला खाली बसवून पट्टा आवळला.

तो प्रवास इतका सुरेख झाला की आर्विडला रडू आलं. एक गचका नाही, एक ढग नाही. खाली जंगलं, मग निळंशार तळं. विमान वेळेच्या आधीच उतरलं.

हॅन्सन हार्बरचा विमानतळ म्हणजे एक खोली आणि एक दार. दारात मार्लिस होती, कोरीची आई होती, आणि केसांना क्लिपा लावलेली सेन्या होती. आर्विड बाहेर आला. तिघींनीही त्याच्याकडं न बघता त्याच्या मागं बघितलं. मागून भगवी जाकिटं येत राहिली. ती संपली. मग वैमानिक आला, आणि त्यानं दार लावून घेतलं.

“डॅड,” सेन्या म्हणाली, “मला दुसरा हवा होता.”

आर्विडनं सांगायला तोंड उघडलं. काय सांगायचं ते विमानात त्यानं घोकून ठेवलं होतं. पण त्याआधीच मार्लिसनं त्याच्या हातातली बॅग घेतली आणि ती कोरीच्या आईला म्हणाली, “माझ्या नवऱ्याला प्रवासाचा फार अनुभव आहे.”

तेवढ्यात सेन्याचा फोन वाजला. कोरीचाच होता. गेटपाशी त्याला गस नावाचा एक शिकारी भेटला होता. त्यालाही विमानात जागा मिळाली नव्हती. गसचा मेहुणा ट्रक घेऊन येत होता, आणि गसनं कोरीला मागच्या बाकावर, दोन कुत्र्यांच्या मध्ये, जागा दिली होती. संध्याकाळपर्यंत पोचतील.

मग लग्न संध्याकाळवर ढकललं. पाहुणे कुरकुरले. पहाटे रानात जायचं म्हणून अर्ध्या गावाला लवकर झोपायचं होतं. बाराला आलेले काही जण वेलदोड्याचा गोड पाव खाऊन, कॉफी पिऊन, अहेर टेबलावर ठेवून परत गेले. ऑर्गन वाजवणारी बाई पण गेली. पाद्रीबाबा दर तासाला घड्याळ बघून आर्विडला विचारत, “तुम्हीच ना ते, विमानातले जाणकार?” आर्विड चर्चच्या पायरीवर थंडीत बसून राहिला. आत जायला तोंड नव्हतं.

अंधार पडता पडता ट्रक आला. कोरी उतरला तो सुटात, पण सुटाला सगळीकडं कुत्र्यांचे केस. सेन्यानं ते झटकलेसुद्धा नाहीत. मोजक्या माणसांसमोर लग्न लागलं. ऑर्गन नव्हता म्हणून शेवटी कोरीनंच कुणाचा तरी ट्रंपेट मागून घेऊन वाजवला, आणि कोरडं पडलेलं ते लग्न एकदम जिवंत झालं. आर्विडच्या छातीवरचा दगड कालपासून पहिल्यांदा थोडा हलला.

जेवणाला गस त्याच्याच शेजारी येऊन बसला. हे भलं थोरलं अंग, हाताचे पंजे फावड्याएवढे. करंजीसारखी मांसाची पेस्टी त्यानं दोन घासात संपवली.

“पोरगा लाख आहे तुमचा जावई,” तो म्हणाला. “वाटभर एका शब्दानं तक्रार नाही. मीच बडबडत होतो. वेटिंगवर माझा दुसरा नंबर होता हो! एका कार्डवाल्यानं शेवटची जागा लाटली. मी तेव्हा कॉफी आणायला गेलेलो, थोबाड बघायचं राहिलं. मेहुण्याच्या ट्रकमध्ये माझी पाठ मोडली. तो माणूस जर मला सापडला ना...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. हातातला काटा फक्त टेबलावर उभा रोवला.

आर्विडनं हातातली पेस्टी खाली ठेवली. त्यानं वर बघितलं तर समोर कोरी उभा. हातात एक भगवं जाकीट.

“गस, सांगितलंस का यांना?” कोरीनं विचारलं.

“अरे हो! तुमच्या जावयाशी बोलणं झालंय. पहाटे आम्ही रानात जातोय, तुम्ही आमच्यासोबत. मचाणावर दोघांचीच जागा आहे. तुम्ही आणि मी. दिवसभर निवांत गप्पा मारू. विमानप्रवासातलं तुम्हाला फार कळतं म्हणे.”

“मी... मी शिकार करत नाही,” आर्विड म्हणाला.

“मी हो म्हणून टाकलंय तुमच्या वतीनं,” कोरी अतिशय नम्रपणे म्हणाला, आणि जाकीट त्यानं सासऱ्याच्या खांद्यावर ठेवलं. “मोठ्या मापाचं मिळालं, सर. छोटं नाही.”