गच्चीवर वाळत घातलेलं इंजिन

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना हरवलेली वस्तू आधी शोधत नाहीत, आधी तिचं चित्र काढतात. पूर्ण मापाचं, एकदा समोरून, एकदा बाजूनं, खाली सही. ते जिन्यात चिकटवतात आणि मगच शोधाला निघतात. चष्मा हरवला तेव्हाही त्यांनी हा नियम मोडला नाही. चष्म्याशिवाय काढलेलं ते चित्र सायकलचं आहे असं समजून आम्ही दोन दिवस वॉचमनवर संशय घेत होतो.

नानांनी हयात सरकारी तंत्रशाळेत पोरांना फिटरकाम शिकवण्यात घालवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलण्यातला फळा काही गेला नाही. भाजी घेतानासुद्धा ते अशा आवाजात बोलतात, की भाजीवाल्याला वही आणायला विसरल्यासारखं वाटतं. "वस्तू हरवत नसते, भाऊ. तिचा फक्त पत्ता बदलतो," हे वाक्य मी मेहरूणला राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी ऐकलं. तेव्हा माझी गॅसची शेगडी सापडत नव्हती.

त्यांच्याकडे तीन सिलिंडरची एक छोटी, जुनी मोटार आहे. यंदा चैत्रात ती इतका धूर सोडायला लागली, की मिस्तरीनं ती भंगारात काढायला सांगितलं. नानांनी मिस्तरी बदलला. नवे मिस्तरी म्हणजे ते स्वतः.

घाई होती ती अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. त्यांची थोरली बहीण, अक्का, सोनगीरला असते. वय ऐंशीच्या पुढं. अखाजीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून नाना दरवर्षी याच गाडीनं जातात. हातात तीन आठवडे होते.

"मी एखादी भाड्याची गाडी ठरवून देतो," मी म्हणालो.

"भाड्याच्या गाडीतून पाहुणे येतात, भाऊ. बहीण नाही."

मग इंजिन उघडलं गेलं. नानांनी एकेक भाग रॉकेलनं धुतला आणि गच्चीवर जुन्या चादरीवर ओळीनं मांडला. प्रत्येक भागाशेजारी नंबराची चिठ्ठी. ही मांडणी बघायला त्यांनी मला मुद्दाम वर नेलं आणि सहा व्हॉल्व्हची ओळख करून दिली. मला त्या सहा कुत्र्याच्या छत्र्या वाटल्या, पण मी मान डोलावली. मग नाना जेवायला खाली गेले आणि जेवल्यावर झोपले.

चादरीच्या शेजारी तळमजल्यावरच्या शोभाताईंचे बिबडे वाळत होते. ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, ही आमच्याकडची वर्षभराची ठेव. त्या दिवशी दुपारी वावटळ आली. आधी नानांच्या चिठ्ठ्या उडाल्या. मग बिबडे ज्यावर घातले होते ते लुगडं फडफडायला लागलं. शोभाताई धावत वर आल्या तेव्हा समोर दोन गोष्टी होत्या: उडू पाहणारं अन्न आणि वजनदार लोखंड. कोणतीही शहाणी बाई करील तेच त्यांनी केलं, लोखंड अन्नावर दाबून ठेवलं. संध्याकाळी लुगडी गुंडाळली गेली, त्यांत इंजिनही थोडं थोडं गुंडाळलं गेलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सात चित्रं होती.

"नाना, तो लोखंडना दांडा मन्हा घर शे," शोभाताईंनी पहिल्याच चित्राला दाद दिली. "मी त्यावर परदा टांगेल शे."

"तो रॉकर शाफ्ट आहे!"

"व्हई. पन परदा भारी बसना."

एक व्हॉल्व्ह धान्याच्या कोठीत निघाला, दुसरा भेट आलेल्या बिबड्यांबरोबर आमच्याच स्वयंपाकघरात आला होता आणि त्यानं लसूण ठेचला जात होता. मला हे माहीत नव्हतं, असं मी सांगितलं. नानांना ते पटलं नाही. आठवडाभरात सातही चित्रं उतरली आणि नाना इंजिन जोडायला बसले.

जोडताना ते अचानक थांबले. आठवा भाग नव्हता, आणि त्याचं चित्रही नव्हतं, कारण तो होता हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांनी मला इंजिनाच्या ठोकळ्यावरची दोन भोकं दाखवली. एकात बोटाच्या पेरापेक्षाही बुटकी पोकळ पिन होती. दुसरं रिकामं.

"रिकामंच असेल," मी म्हणालो.

"आत बघा. वर सगळीकडे काजळी, इथं गोल चकचकीत. माणूस घर सोडून गेला की भिंतीवर कॅलेंडरची जागा दिसते ना, तसं. इथं कुणीतरी राहत होतं."

अशी पिन बाजारात मिळेल, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी विषय हवामानावर नेला.

शोभाताईंचे सगळे डबे उपसले, पिन नव्हती. एक डबा मात्र त्यांच्या लेकीकडे एरंडोलला गेला होता. अखाजीला चार दिवस उरले असताना नाना हातात चित्र घेऊन एस.टी.नं एरंडोलला गेले आणि लेकीच्या सासूबाईंसमोर एकेक बिबडा उजेडात धरून तपासायला लागले. सासूबाईंना वाटलं, हा माणूस सुनेच्या माहेरचे बिबडे मोजायला आलाय. बाविसाव्या बिबड्यात, ओल्या पिठात रुतून वाळलेली, पिन सापडली. नानांनी तो बिबडा फोडला नाही. तसाच रुमालात बांधून आणला.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं नाही. दहाव्यात झालं. नानांनी कुणाकडे बघितलं नाही, फक्त हात पुसायला फडकं मागितलं.

अखाजीला मी त्यांच्याबरोबर गेलो. गाडी थांबलीच तर ढकलायला कुणीतरी हवं होतं. पारोळा, धुळे करत दुपारपर्यंत सोनगीरला पोहोचलो. अक्का नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, शेजारी पिशवी. नानांनी दार उघडून तिला पुढच्या सीटवर बसवलं. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. गाडी हळूहळू निघाली, किल्ल्याखालून गेली आणि महामार्गाला लागणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "मांगे फिराव रे. म्हशीले पानी कोन दाखाडी?"

नानांनी लगेच गाडी वळवली.

अक्का आत पाणी आणायला गेली तेव्हा मी विचारलं, "नाना, म्हैस कुठं आहे?"

"विकून सहा वर्षं झाली. दरवर्षी तिथूनच परत फिरतो." ते बॉनेट उघडून उगाच आत बघत होते. "आमचं घर गेलं, आई गेली. मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर. तिचे गुडघे बघितले ना? ती कुठं येणार?"

"मग एवढं सगळं?"

त्यांनी बॉनेट लावलं. अक्का पाणी घेऊन ओट्यावर आली होती आणि शेजारीण तिला विचारत होती, गाडी परत कशी आली म्हणून. अक्काचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला जाईल इतका मोठा होता.

"भाऊ लेवाले येल व्हता ना मन्हा! मीच नही गऊ."