मोरेश्वरकाकांचा शंकू

आगाशीच्या बाजारात तांदळाच्या ढिगापुढे उकिडवं बसून कुणी सुतळीने त्याचा घेर मोजताना दिसलं, तर घाबरू नका. ते आमच्या शेजारचे मोरेश्वरकाका. घेर झाला की ते ढिगाशेजारी छत्री उभी धरून उंची घेतात, डोळे मिटून पुटपुटतात आणि ढिगात तांदूळ किती ते दुकानदाराला सांगून टाकतात.

"ते ठीक आहे काका, पण देऊ किती?"

"घ्यायचा नाहीये रे. तुझा ढीग शंकू आहे, एवढंच सांगायचं होतं."

आणि चालू लागतात. मी सोबत असले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काका एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढून निवृत्त झाले. जगात शंकू किती आहेत, हे मला त्यांच्या शेजारी राहायला आल्यावर कळलं. आइस्क्रीमचा कोन, चण्यांची पुडी, तेल ओतायचं नरसाळं! सोसायटीतल्या एका वाढदिवसाला तर त्यांनी कागदी टोपी डोक्यावर घालायच्या ऐवजी उलटी धरली. कॅलेंडरचं पान गुंडाळून तेवढ्याच तोंडाचं, तेवढ्याच उंचीचं नळकांडं केलं, ताटात उभं धरलं आणि टोपीने त्यात कुरमुरे ओतायला घेतले. केक राहिला बाजूला.

"बोला, किती टोप्यांत भरेल?"

"दोन!" आम्ही सगळे ओरडलो. सगळे एकदम चुकले म्हणून काका असे काही खूश झाले की विचारू नका!

"डोळा फसवतो. ओतून बघा!" हे त्यांचं पालुपद. तिसऱ्या टोपीला नळकांडं काठोकाठ भरलं. मग समजावणी सुरू. "समोरून शंकू त्रिकोणासारखा दिसतो आणि हे नळकांडं चौकोनासारखं. तो त्रिकोण चौकोनाच्या निम्मा, म्हणून आपण अर्धा म्हणतो. पण शंकू चहूबाजूंनी निमुळता होत जातो ना! म्हणून तिसराच हिस्सा."

आम्हाला पटलं. पटलं नाही ते फक्त त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना. बघायच्या कार्यक्रमातच काकांनी त्यांना, शंकू तेवढ्याच मापाच्या डब्याचा कितवा हिस्सा, हा प्रश्न विचारला होता म्हणे. काकू म्हणाल्या, "अर्धा." काका सांगायचे, "तो गैरसमज दूर करायलाच लग्न केलं. अजून झालेला नाही."

त्यासाठी त्यांनी पत्र्याचा एक शंकू आणि त्याच मापाचा डबा स्वतःच्या हाताने बनवला होता. काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "अहो, काही म्हणा, मला तो अर्धाच वाटतो." झालं! काका हातातलं टाकून तांदूळ आणायचे. तीनदा ओतायचे. काकू मान डोलवायच्या. चार दिवस गेले की पुन्हा, "अर्धाच!"

मला नवल वाटायचं. गिरीजच्या वाडीत वाढलेली, केळीचा लोंगर नुसता बघून किती डझन ते सांगणारी ही बाई, आणि एवढंसं डोक्यात शिरू नये? शेवटी न राहवून एकदा विचारलंच.

काकू हळूच हसल्या. "ठाऊक आहे गं मला. पण अर्धा म्हटलं की माणूस तासभर जवळ बसतो. नाहीतर आहेतच त्यांचे कागद आणि पट्ट्या. बोलू नकोस हं कुठे."

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. पण हे राहिलं.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. काका बोलेनासेच झाले. बाजार बंद, छत्री कोपऱ्यात. त्यांची मुलगी मला फोन करून विचारायची, "बाबा जेवतात का गं?" मी काय सांगणार? मी दिलेलं ताट जवळजवळ तसंच परत यायचं.

एका सकाळी त्यांच्या दाराबाहेर भंगारवाल्यासाठी पिशवी ठेवलेली दिसली. तिच्यातून पत्र्याचं टोक डोकावत होतं.  मला रागच आला, खोटं कशाला सांगू! शंकू आणि डबा उचलला आणि दार उघडेपर्यंत बेल दाबून धरली.

"काका, हे टाकायला काढलंत?"

"आता कुणाला दाखवू?"

"मला दाखवा. मला काही ते पटलेलं नाही. हा शंकू अर्धाच आहे."

 काकांच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच आलं.

"चांगलं ठाऊक आहे तुला," ते म्हणाले. "तिलाही ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं मी."

"अहो, मग इतकी वर्षं ओतत कशाला राहिलात?"

"ती समोर बसायची ना."

 काकांनी माझ्या हातातून शंकू घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि दारातून बाजूला झाले.

"ये, बस," ते म्हणाले. "तांदूळ आणतो. पण तिसऱ्यांदा ओतून होईपर्यंत उठायचं नाही हं."